लॉक आर्ड गॉर्ज नीट बघायला लावणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

मेलबर्नहून ग्रेट ओशन रोड या किनाऱ्यालगतच्या रस्त्याने निघालेल्या मराठी मंडळींना तुम्ही फोनवर बजावता, "ट्वेल्व्ह अपॉस्टल्सला, त्या समुद्रातल्या सुळक्यांपाशी, फोटो काढून माघारी फिरू नका, तीनेक किलोमीटर पुढे लॉक आर्ड गॉर्जपर्यंत जा." त्या एका वाक्यासाठी आणि त्याला जोडून येणाऱ्या तुमच्या सूचनांसाठी हे जाहीर आभार.

त्यातली सगळ्यात मोलाची सूचना म्हणजे "आधी वर, मग खाली." बहुतेक लोक गाडी लावतात आणि थेट पायऱ्या उतरून वाळूवर जातात. तिथून दिसते ती दोन उंच कड्यांमधली शांत, चिंचोळी खाडी. जिच्या नावावरून या खाडीला नाव पडलं ते 'लॉक आर्ड' जहाज इथे फुटलं कसं, हे काही कळत नाही. कारण ते इथे फुटलंच नाही! कड्यावरच्या पायवाटेने गेलं की समोर मटनबर्ड बेट दिसतं, जहाज आदळलं ते तिथे. १ जून १८७८ ची पहाट. धुक्यामुळे कप्तान गिब यांना सेक्स्टंटने, म्हणजे सूर्य-ताऱ्यांवरून दिशा मोजायच्या उपकरणाने, जहाजाची जागा नक्की करता येत नव्हती आणि किनारा अजून लांब आहे अशी त्यांची समजूत होती. कडे दिसले तेव्हा जहाज वळवायला अवधीच उरला नव्हता. नांगर टाकले, पण ते तळाला धरेनात. इंग्लंडहून तीन महिने प्रवास करून आलेलं जहाज मुक्कामाचं मेलबर्न एवढं जवळ असताना बुडालं. ५४ जणांपैकी वाचले दोघेच, जहाजावरचा शिकाऊ खलाशी टॉम पियर्स आणि प्रवासी ईव्हा कारमायकल.

तिथून स्मशानभूमी. ईव्हाची आई आणि बहीण इथेच आहेत. मग पायऱ्या. आता मात्र ती वाळू वेगळी दिसते. उलट्या होडीचा आधार घेत टॉम याच खाडीत आला, ईव्हाची हाक ऐकून पुन्हा पाण्यात शिरला, तिला गुहेत ठेवलं, वाहून आलेली ब्रँडी पाजली आणि कडा चढून मदत शोधायला गेला. दोघांचं लग्न व्हावं अशी तेव्हा लोकांची फार इच्छा होती म्हणे. ईव्हा काही महिन्यांत आयर्लंडला परतली. बरंच झालं, नाहीतर गोष्टीचा पार सिनेमा झाला असता.

पाण्याबद्दल तुम्ही कडक असता, तेही योग्यच. आतलं पाणी संथ दिसलं तरी तोंडाशी लाटांचा जोर असतो आणि परतीचा प्रवाह माणसाला बाहेर ओढतो. घोट्यापर्यंत पाय भिजवावेत, बस्स. कड्याच्या सावलीत चटई टाकून डबा उघडायचा मोह होतो, तोही टाळायचा. हा चुनखडीचा दगड खालून लाटा पोखरतात आणि पाऊस वरून झिरपून सैल करतो. जवळचीच आयलंड आर्चवेची कमान २००९ मध्ये कोसळली. उरलेल्या दोन सुळक्यांना आता टॉम आणि ईव्हा म्हणतात. दरडीच्या भीतीने कधी पायऱ्याही बंद ठेवतात. अशा वेळी कठडा ओलांडायचा नाही, वरूनच बघायचं.

वेळेचा तुमचा हिशोबही पक्का. किनाऱ्याच्या रस्त्याने न थांबता पाच तास तरी धरायचे, वळणांवर लहान मुलांना मळमळतं. भर दुपारी टूरच्या बसगाड्यांची गर्दी असते, म्हणून पोर्ट कॅम्पबेलला मुक्काम करून सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जायचं. परतीला कोलॅकमार्गे आतला रस्ता जवळचा, पण अंधार पडायच्या आत, कारण तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात.

आणि वॉर्नमबूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयातला तो चिनी मातीचा मोर! याच जहाजातून मेलबर्नच्या प्रदर्शनासाठी निघालेला, खोक्यासकट किनाऱ्याला लागलेला. लोखंडी जहाज फुटलं आणि तो टिकला. वाट वाकडी करून तो बघायला लावलात, त्याचे आभार वेगळे.

लोभ आहेच, तो वाढावा.

तुमच्या सूचनांवर गाडी हाकणारी
मेलबर्नची मंडळी