थंडीच्या भाज्यांचे लेख भाद्रपदात छापा

महोदय,

केल, ब्रोकोली, लेट्यूस घरी कसे लावावे, यावरचे लेख वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात. वाचून लोक हौसेने बी आणतात. पण जानेवारीत पेरलेल्या केलचे रोप व्हायला महिना जातो आणि कुंडीत लावल्यावर पाने खुडण्याजोगी व्हायला आणखी दीड-दोन महिने. तोवर चैत्र उजाडतो. आमच्या नाशिकलाही तेव्हा दुपारचा पारा ३५ अंशांच्या पुढे असतो. पाने चिवट, कडू होतात, मावा ही कीड पडते आणि 'ही परदेशी भाजी आपल्याकडे येत नाही' असा शिक्का बसतो.

येते, आणि छान येते. केल ही कोबी, फ्लॉवर, नवलकोलचीच सख्खी बहीण. घटस्थापनेच्या सुमारास ट्रेमध्ये बी टाकावे. ऑक्टोबरच्या उन्हात रोपांवर दुपारी जुनी ओढणी बांधली तरी पुरते. दिवाळीपर्यंत चार-पाच पाने आली की फूटभर खोल कुंडीत एकेकच रोप लावावे. मग डिसेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत खालची पाने खुडत राहायचे, शेंडा मात्र तोडायचा नाही. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, तेव्हा आमच्याकडेही कडाका असतो. त्या दिवसांत खुडलेल्या पानाची चव वेगळीच, कारण थंडीत या झाडांच्या पानांत साखर वाढते. मधली जाड शीर काढून पाने बारीक चिरावीत, लसणाची खमंग फोडणी द्यावी आणि वरून बेसन पेरावे. आमच्या घरी नातवंडे ही भाजी मागून घेतात.

पानांच्या पाठी रोज उलटून बघाव्यात. मावा दिसला की पाण्याचा जोरदार फवारा, आणि तरी हटला नाही तर निंबोळी अर्क. गच्चीवर एवढे पुरते.

गाजर-मुळ्याचे बी थेट कुंडीतच पेरावे, रोप उपटून लावले की गाजराला फाटे फुटतात. धने दोन दले होतील इतपत रगडून पेरावेत. मेथी तर चार दिवसांत वर येते, हात बसवायला तिच्यासारखी भाजी नाही.

रोपवाटिकावाल्यांनाही एक विनंती. केलच्या बियांची रंगीत पाकिटे दर्शनी भागात असतात, पण चाकवत आणि आंबट चुक्याचे बी विचारले की 'नाही' म्हणतात. याही आपल्या थंडीतल्याच भाज्या, आणि कुंडीत सहज येतात. त्यांचीही छोटी पाकिटे ठेवावीत.

आपण ही माहिती यंदा गणपतीच्या दिवसांत, पेरणीच्या तारखांसह छापावी. कोकण, देश आणि विदर्भ यांची थंडी सारखी नसते, म्हणून तारखाही विभागवार द्याव्यात.

– एक निवृत्त शिक्षिका, नाशिक