‘येस’ टाइप करण्याआधी

प्रिय मिलिंदा,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुझे दोन प्रश्न पोचले. टॅबलेटवर कुठला रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायचं, बाहेर तयार केलेलं अँड्रॉइड) टाकू, आणि आत्ता जो आहे त्याच्यावरच दुसरा टाकला तर चालेल का. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे. दुसऱ्याचं एका शब्दात: नाही. पण नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तू हटकून करून बघशील, तुला मी आज ओळखत नाही. म्हणून मेसेज न करता पत्र लिहायला बसलो.

कुठला रॉम ‘भारी’ हा प्रश्नच मुळात फसवा आहे. वरून नाव एकच दिसतं, लिनिएजओएस म्हण किंवा आणखी काही. पण प्रत्येक टॅबलेटसाठी तो वेगळा तयार करावा लागतो आणि ते काम बहुतेकदा एखाद-दुसरा माणूस आपली नोकरी सांभाळून, फावल्या वेळात करत असतो. मेंटेनर म्हणतात तो हा. त्याच्याकडे तो टॅबलेट असतो तोवर गाडी सुरळीत चालते. त्याने टॅबलेट विकला किंवा त्याला कंटाळा आला की अपडेट थांबले. त्यामुळे माझ्या शेजाऱ्याच्या टॅबलेटवर लोण्यासारखा चालणारा रॉम तुझ्या टॅबलेटवर कॅमेऱ्यावाचून, आवाजावाचून चालू शकतो. नाव तेच, आवृत्तीही तीच.

असं का होतं ते एकदा समजलं की निवड निम्मी होते. अँड्रॉइडच्या बुडाशी लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, आहे आणि त्याचा परवाना जीपीएल, त्यामुळे टॅबलेट बनवणाऱ्याला कर्नलचा सोर्स खुला करावा लागतो. पण कॅमेरा, ग्राफिक्स, वाय-फाय चालवणारे बरेचसे तुकडे बंद असतात. ते मूळ फर्मवेअरमधून, म्हणजे कंपनीने दिलेल्या सिस्टिममधून, तयार अवस्थेत उचलायचे, त्यांना ब्लॉब म्हणतात. आता अँड्रॉइड पुढे सरकतं आणि ब्लॉब मात्र पाच वर्षांपूर्वीचेच राहतात. जुना ब्लॉब नव्या अँड्रॉइडशी बोलता करणं, हेच मेंटेनरचं खरं काम. पहिली माती खातो तो बहुधा कॅमेरा. म्हणून मी हल्ली रॉमच्या माहितीत आधी ‘काय चालत नाही’ एवढंच वाचतो. ती यादी प्रामाणिक असेल तर माणूस विश्वासाचा. ‘काहीही अडचण नाही, तुम्हीच सांगा’ असं लिहिलेलं दिसलं की मी चार पावलं मागे सरकतो. शेवटचं बिल्ड, म्हणजे रॉमची तयार फाइल, कधीचं आहे तेही बघ. आणि फाइलच्या नावात ‘अनऑफिशियल’ असलं म्हणून नाक मुरडू नकोस. काही अनऑफिशियल बिल्डं फार निगुतीने केलेली असतात.

नव्या आकड्याचा मोह मात्र आवर. लिनिएजचा आकडा आणि अँड्रॉइडचा आकडा एक नाही: १४.१ म्हणजे अँड्रॉइड ७.१, १८.१ म्हणजे ११, आणि २० म्हणजे १३. ही मोजणी सायनोजेनमॉडकडून वारशाने आली. स्टीव्ह कॉन्डिकने २००९ मध्ये सुरू केलेला तो प्रकल्प डिसेंबर २०१६ मध्ये बंद पडला आणि काही दिवसांतच स्वयंसेवकांनी तोच कोड लिनिएज या नावाने उभा केला. वंश, वंशावळ असा त्या शब्दाचा अर्थ. मला हे नाव फार आवडतं, पण ते असो.

तुझा टॅबलेट काय कामाचा, हे तू लिहिलंच नाहीस. त्याच्यावर बरंच ठरतं. नुसतं वाचायचं असेल तर दोन वर्षं जुनं पण स्थिर बिल्ड नव्यापेक्षा बरं. पडदा दहा-अकरा इंची असेल आणि दोन ॲप शेजारी-शेजारी उघडून काम करायचं असेल, तर अँड्रॉइड १३ किंवा पुढचं बघ, कारण मोठ्या पडद्यासाठीची खालची टास्कबार २०२२ च्या १२एल या आवृत्तीपासून आली. सिनेमे बघायचे असतील तर जरा थांब. पैसे भरून बघायच्या ॲप्सना वाइडवाइन नावाचं कुलूप लागतं. काही टॅबलेटवर बूटलोडर (टॅबलेट सुरू करणारा पहिला प्रोग्राम, रॉम टाकण्याआधी तो मोकळा करावा लागतो) अनलॉक केला की ते एल१ या वरच्या पातळीवरून एल३ या खालच्या पातळीवर घसरतं आणि मग एचडी बंद होऊन चित्र ४८० पीवर येतं. फोनवर ते खपून जातं, टॅबलेटवर डोळ्यांत खुपतं. बँकेची ॲप्सही अनलॉक केलेल्या यंत्रावर कधी चालतात, कधी रुसतात. आणि तुझा टॅबलेट सॅमसंगचा असेल तर लक्षात ठेव: बाहेरचं फर्मवेअर टाकलं की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा व्यवस्थेचा, फ्यूज उडतो आणि तो पुन्हा जोडता येत नाही. मूळ फर्मवेअर परत टाकलंस तरी सिक्युअर फोल्डरसारख्या गोष्टी परत येत नाहीत.

आता सांकेतिक नाव, म्हणजे रॉमच्या फाइलीवर टॅबलेटची जी ओळख असते ते. खोक्यावरचं नाव विसर. माझा नेक्सस ७ तुला आठवत असेल. त्याच नावाचे दोन टॅबलेट निघाले. २०१२ च्या वाय-फायवाल्याचं सांकेतिक नाव ग्रूपर आणि आत टेग्रा ३ प्रोसेसर. २०१३ चा फ्लो, आत स्नॅपड्रॅगन. त्याचाच सिमवाला भाऊ डेब. गंमत म्हणजे गूगलच्या मूळ फर्मवेअरच्या यादीत हाच फ्लो ‘रेझर’ नावाने बसलाय. पहिल्यांदा मी अर्धा तास फ्लो शोधत होतो. चुकीच्या नावाची झिप (रॉमची फाइल) टाकलीस तर रिकव्हरी, म्हणजे रॉम टाकायचा वेगळा मेनू, ‘एरर ७’ देऊन थांबते. कुणी सांगेल, झिपमधल्या स्क्रिप्टमधली ती तपासणीची ओळ खोडून टाक. ऐकू नकोस. तो एरर म्हणजे दारातला राखणदार आहे, त्याला हाकलून कुणाला आत घेतोयस ते तरी बघ.

बरं, मुख्य मुद्दा, बदलण्याचा. एकाच रॉमचं नवं बिल्ड जुन्यावर टाकणं, म्हणजे डर्टी फ्लॅश, चालतं. दर आठवड्याला लोक तेच करतात. पण एका रॉमवरून दुसऱ्या रॉमवर तसंच गेलास तर गोची होते. प्रत्येक रॉम आपल्या सिस्टिम ॲप्सवर स्वतःची सही करतो. तुझ्या डेटा पार्टिशनमधला, म्हणजे मेमरीतल्या ॲप्सच्या कप्प्यातला, सगळा संसार जुन्या सहीच्या नावावर मांडलेला असतो. नवा मालक येतो, सह्या जुळत नाहीत आणि मग सेटिंग्जपासून कीबोर्डपर्यंत एकेक ॲप ‘थांबलं आहे’ म्हणत कोसळतं. नाहीतर लोगो गोल गोल फिरत राहतो, म्हणजे बूटलूप. नव्या अँड्रॉइडवरून जुन्यावर उतरताना तर हमखास. तेव्हा रॉम बदलायचा म्हणजे क्लीन फ्लॅश: डेटा पुसायचा आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची.

आणि इथेच मी जे दिवे लावले ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

मी शहाण्यासारखा आधी बॅकअप घेतला होता. टीडब्ल्यूआरपी नावाच्या रिकव्हरीत जाऊन सिस्टिम, डेटा, बूट, सगळ्याचा पूर्ण बॅकअप. पंधरा-वीस मिनिटं चालला. ‘सक्सेसफुल’ असं निळ्या अक्षरांत आलं तेव्हा फार बरं वाटलं. मग नवा रॉम टाकला. टॅबलेट आधी एन्क्रिप्ट केलेला (आतला डेटा कुलूपबंद) होता, नव्या रॉमचं त्याच्याशी पटेना. सगळीकडे एकच उपाय सांगितलेला: फॉरमॅट डेटा. साधं वाइप आणि फॉरमॅट यांत फरक आहे बघ. टीडब्ल्यूआरपीतलं साधं वाइप ॲप्स आणि त्यांचा डेटा पुसतं, पण तुझ्या फाइलींचं फोल्डर तसंच ठेवतं. फॉरमॅट सगळंच नेतं. म्हणून रिकव्हरी नुसत्या बटणावर भागवत नाही, कीबोर्ड उघडून ‘येस’ टाइप करायला लावते. वर इशारा असतो: ॲप्स, बॅकअप, फोटो, व्हिडिओ सगळं जाईल, परत मिळणार नाही. बॅकअप हा शब्द त्यात स्वच्छ लिहिलेला असतो, मिलिंदा. मी तो वाचला. वाचून वाय, ई, एस अशी तीन अक्षरं टाइप केली आणि बरोबरची खूण दाबली.

कारण नेक्सस ७ ला मेमरी कार्डाची जागाच नाही, आणि माझा तो देखणा बॅकअप टॅबलेटच्याच पोटात होता.

तीन वर्षांत वाचलेल्या पीडीएफवर समासात केलेल्या टिपा गेल्या. पुस्तकं पुन्हा मिळाली, टिपा नाही मिळाल्या. टॅबलेट मात्र ठणठणीत होता. गूगलचं मूळ फर्मवेअर उतरवून फास्टबूटने, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने, टाकलं, दहा मिनिटांत अँड्रॉइड ६.०.१ परत उभं. यंत्र वाचवणं सोपं असतं, अवघड ते आतलं.

तेव्हा तुझं काम या क्रमाने. बूटलोडर अजून अनलॉक नसेल तर ते करतानाही सगळा डेटा पुसला जातो, म्हणजे त्याच्याही आधी फाइली कॉम्प्युटरवर काढून घे. कॉम्प्युटरवर म्हणजे कॉम्प्युटरवर. आणि तिथे त्यातल्या चार उघडून बघ. मग तुझ्या नेमक्या मॉडेलचं मूळ फर्मवेअर शोधून उतरवून ठेव. ते मिळत नसेल तर रॉमचा विचार सोड, हे मी गंमतीत म्हणत नाही. टॅबलेट सिमवाला असेल तर ईएफएस पार्टिशनचाही बॅकअप घे. आयएमईआय, म्हणजे सिमवाल्या यंत्राचा ओळख क्रमांक, तिथे असतो आणि तो गेला की सिम निव्वळ शोभेचं उरतं. बॅटरी निम्म्याच्या वर हवी. केबल डेटा नेणारी हवी. नुसत्या चार्जिंगच्या केबलपायी मी एक अख्खी संध्याकाळ ड्रायव्हरांना शिव्या घातल्यात.

गूगलची ॲप्स हवी असतील तर जीॲप्सची झिप रॉमपाठोपाठ, पहिल्यांदा सुरू होण्याआधीच टाकायची. अँड्रॉइडची आवृत्ती आणि प्रोसेसरचा प्रकार, आर्म की आर्म६४, दोन्ही जुळायला हवं. एकदा टॅबलेट सुरू होऊन होमस्क्रीन दिसली आणि मग आठवण झाली, तर पुन्हा पुसून पहिल्यापासून. नव्या, दोन स्लॉटवाल्या (सिस्टिमसाठी दोन जागा असलेल्या) टॅबलेटवर रॉम टाकल्यावर आधी रिकव्हरी रीबूट करायची आणि मग जीॲप्स, कारण रॉम दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलेला असतो आणि रिकव्हरी अजून पहिल्यातच उभी असते. मेमरी कमी असेल तर सगळ्यात छोटं पॅकेज घे. रूटचं, म्हणजे सिस्टिमवरच्या पूर्ण ताब्याचं, विचारशील म्हणून सांगतो: रॉम बदलायला रूट लागत नाही. रूट मिळवून देणारं मॅजिस्क नंतर, लागलंच तर.

एका जागी तुझ्या छातीत धस्स होईल, तेवढं आधीच सांगून ठेवतो. एडीबी साइडलोडने, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलने कमांड देऊन, रॉम पाठवताना कॉम्प्युटरवर टक्के वाढत जातात. ३०, ४०, ४५, आणि ४७ वर ठप्प. खाली ओळ येते: ‘फेल्ड टू रीड कमांड’, आणि त्याच्यापुढे ‘सक्सेस’. एकाच ओळीत नापास आणि पास. मी तेव्हा केबल उपटणारच होतो. उपटू नकोस. बऱ्याचदा काम झालेलं असतं, कॉम्प्युटरला फक्त निरोप नीट पोचलेला नसतो. टॅबलेटच्या पडद्यावर रिकव्हरी काय म्हणते ते वाच, खरं तिथे असतं. त्यानंतरचा पहिला बूट लांबतो, दहा मिनिटं तरी हात लावू नकोस. अर्धा तास झाला आणि लोगोच फिरतोय, तर मला फोन कर.

माझ्या फ्लोवर लिनिएज १८.१ टाकायचं म्हणजे पार्टिशनं नव्याने पाडावी लागतात, सिस्टिमची जागा तुटपुंजी पडते. मग त्याचं नावही फ्लॉक्स होतं. महिनाभर तयारी करून ठेवली, फाइली उतरवल्या, आणि अजून टाकलेलं नाही. १४.१ वर पुस्तकं उघडतात, पानं उलटतात. तीन वर्षांच्या टिपांपैकी काही आठवून आठवून पुन्हा लिहितोय. आता त्या दर रविवारी कॉम्प्युटरवर जातात.

तू आज एवढंच कर. टॅबलेट बूटलोडरमध्ये घाल आणि त्या पडद्याचा फोटो पाठव. सीरियल नंबरवर बोट ठेव म्हणजे झालं. सेटिंग्जमधला मॉडेल नंबर अक्षर न अक्षर लिहून पाठव. आत्ता कुठला रॉम आहे त्याचं बिल्ड आणि तारीखही. आणि मी कळवेपर्यंत ‘येस’ लिहायला सांगणारा कुठलाही पडदा आला तर मागे फिर.

तुझाच,
अवी

ता. क. ती माझी जुनी यूएसबी केबल तुझ्याकडेच आहे. डेटा नेणारी तीच. शोध.