कुष्ठरुग्णांचे हात आणि डॉ. ब्रँड

महोदय,

मिशनरी डॉक्टर म्हटले की 'औषधाच्या आडून धर्मप्रसार' हा शेरा ठरलेलाच. उपचारासाठी धर्माची अट मलाही मुळीच मान्य नाही. पण कुष्ठरुग्णांच्या जखमा धुण्यात माझी 26 वर्षे गेली, म्हणून लिहिते. चुलीवरचे पातेले उघड्या हाताने उचलून रुग्ण शांतपणे बोलत राहतो. फोड आपल्याला दिसतो, त्याला कळतही नाही. बोटे 'झडतात' ती अशी, संवेदना गेल्यावर होणाऱ्या जखमांनी. हे तमिळनाडूतील वेल्लोरला ठामपणे दाखवून दिले डॉ. पॉल ब्रँड यांनी. 1946 मध्ये इंग्लंडहून आलेल्या या श्रद्धाळू ख्रिस्ती सर्जननी चांगल्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, लुळ्या बोटांना जोडला आणि आखडलेली मूठ उघडली. वेदना ही देवाची देणगी, असे ते मानत. पट्टी बांधताना मला ते रोज पटत गेले.

– एक निवृत्त परिचारिका