सुशीची पारख भातावरून व्हावी

संपादक महोदय,

सुशी, म्हणजे आंबटसर भात आणि बहुधा कच्चा मासा यांचा जपानी पदार्थ, देणाऱ्या उपाहारगृहांची परीक्षणे बहुधा माशांचे प्रकार आणि सजावट यांवरच थांबतात, हे मला खटकते. सुशीचा खरा कस भातात लागतो. तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ घालून केलेला हा भात साधारण अंगाच्या उबेइतका कोमट असावा, उचलताना त्याचा मुटका फुटू नये आणि तोंडात जाताच शिते सुटी व्हावीत. फ्रीजमधला गार, कडक भात वाढणाऱ्या ठिकाणी मासा कितीही महागाचा असला तरी सुशी फसतेच.

गोठवलेला मासा म्हणजे शिळा, हा समजही चुकीचा आहे. कच्च्या खायच्या अनेक माशांतील परजीवी मरावेत म्हणून ते उणे २० अंश सेल्सिअसला ७ दिवस ठेवण्याची पद्धत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेली आहे. त्यामुळे मासा कसा साठवता, हे ग्राहकाने निःसंकोच विचारावे आणि उत्तर टाळले गेल्यास कच्चा मासा मागवू नये. सुशीसोबतच्या वासाबी या झणझणीत हिरव्या जपानी चटणीऐवजी हिरवा रंग दिलेले हॉर्सरॅडिश (एक तिखट मूळ) मिळाले तर मी ते क्षम्य मानतो, कारण अस्सल वासाबी फार महाग पडते.

आपल्या परीक्षकांनी यापुढे भाताविषयी निदान दोन वाक्ये लिहावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक