पैसे तुमच्याकडे गहाण, तरी थकबाकीदार मी?

प्रति,
मा. प्रधान नोडल अधिकारी,
क्रेडिट कार्ड विभाग

विषय : एफडीवर दिलेल्या कार्डावर संमतीशिवाय लावलेले शुल्क परत करणे आणि ते वादात असताना क्रेडिट ब्युरोंना कळवलेली थकबाकीची नोंद दुरुस्त करणे, याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या बँकेचे एफडीवर मिळणारे क्रेडिट कार्ड मी वापरते. या कार्डावर मला न विचारता एक शुल्क लावण्यात आले. मी तक्रार केली. तक्रार चालू असतानाच ते शुल्क भरले नाही म्हणून माझे नाव थकबाकीत टाकून क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, कळवण्यात आले. कस्टमर केअर, शाखा आणि ईमेल या तिन्ही वाटा चालून झाल्यावर आता आपल्याला लिहीत आहे.

हे कार्ड मी का घेतले ते आधी सांगते. नाहीतर सतराशे-अठराशे रुपयांसाठी ही बाई एवढे लांबलचक पत्र का लिहिते आहे, असे आपल्याला वाटेल.

माझा छपाईचा व्यवसाय होता, एकल मालकीचा. एका मोठ्या पार्टीने बिले थकवली, कागदवाल्यांची देणी अंगावर आली आणि मशीनच्या कर्जाचे हप्ते तुंबले. लोक याला दिवाळे निघणे म्हणतात. कायद्याच्या लेखी मात्र मी दिवाळखोर नाही. २०१६ ची दिवाळखोरी संहिता मोठ्या गाजावाजाने आली खरी, पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांना. माझ्यासारख्यांसाठी अजूनही १९०९ आणि १९२० चे नादारीचे कायदेच आहेत. कोर्टाच्या त्या वाटेला सहसा कोणी जात नाही, बँकेशी बसून सेटलमेंट करतात, म्हणजे ठरलेली रक्कम भरायची आणि उरलेली बँकेने सोडून द्यायची. मीही तेच केले.

सेटलमेंट झाली की वसुलीचे फोन थांबतात. ब्युरोच्या क्रेडिट रिपोर्टवर मात्र 'सेटल्ड' असा शिक्का राहतो आणि तो दिसला की पुढचा अर्ज कोणी नीट वाचतसुद्धा नाही. म्हणून हातात पैसे आले तसे मी त्या बँकेत जाऊन सोडून दिलेली रक्कमही भरली, नो ड्यूज सर्टिफिकेट घेतले आणि खात्याची नोंद 'क्लोज्ड' करून घेतली. एवढ्याने क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ब्युरो देतात तो गुणांक, वर येत नाही. हप्ते चुकल्याच्या जुन्या खुणा तशाच असतात, त्यांच्या पुढे वेळेवर फेडलेली नवी उधारी दिसावी लागते, आणि नवी उधारी तर कोणी द्यायला तयार नसते. या पेचातून निघायला एफडीवरचे कार्ड हीच एक वाट मला दिसली.

आपल्या शाखेतल्या प्रतिनिधीनेही ते मला नेमके असेच विकले. "मॅडम, यात सिबिलचं टेन्शनच नाही. एफडी करा, कार्ड घ्या, वर्षभर नीट वापरा, स्कोअर आपोआप उठतो." मी २५,००० रुपयांची एफडी केली. आपण तिच्यावर लीन लावले, म्हणजे कार्ड चालू असेपर्यंत त्या पैशांना मला हात लावता येणार नाही, आणि २०,००० रुपयांची मर्यादा दिली. विजेचे बिल, मोबाइलचा रिचार्ज आणि थोडीफार कागदखरेदी, एवढ्यासाठीच मी हे कार्ड वापरले. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहिलेले बरे असे सगळेच सांगतात, म्हणून महिन्याला ६,००० च्या वर कधी गेले नाही. प्रत्येक बिल पूर्ण भरले. किमान रक्कम भरून वेळ मारून नेण्याची सवय मला परवडणारी नाही. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी मी स्टेटमेंटची ओळ न् ओळ वाचते.

म्हणूनच ती ओळ नजरेतून सुटली नाही. 'कार्ड सुरक्षा योजना, वार्षिक शुल्क १,४९९.००' आणि तिच्याखाली 'जीएसटी २६९.८२'. एकूण १,७६८.८२ रुपये. त्या महिन्यात मी कार्ड वापरलेच नव्हते, त्यामुळे अख्ख्या बिलात या दोन ओळींखेरीज काही नव्हते. ही योजना काय आहे, ती मी कधी मागितली, कोणता फॉर्म भरला, कोणता ओटीपी दिला, याचा त्या पानावर मागमूस नाही. असा फॉर्म मी भरलेला नाही आणि ओटीपीही दिलेला नाही.

त्याच दिवशी कस्टमर केअरला फोन केला. आधी मला योजनेचे फायदे ऐकवण्यात आले. कार्ड हरवले तर संरक्षण, परगावी अडकले तर मदत, वगैरे. मग सांगण्यात आले की मी 'रेकॉर्डेड कॉलवर' होकार दिला आहे. ते रेकॉर्डिंग ऐकवा म्हटले, तर "ते इंटर्नल असतं मॅडम" असे उत्तर मिळाले. माझ्या होकाराचा पुरावा मलाच ऐकता येत नसेल तर तो कोणाच्या उपयोगाचा, हे मला समजलेले नाही. शेवटी तक्रार क्रमांक मिळाला आणि त्यासोबत हा सल्लाही : "डिस्प्यूट रेज झाला आहे. आता ही रक्कम भरू नका. भरलीत तर तुम्ही ॲक्सेप्ट केलं असं सिस्टिम धरते. रिव्हर्स होईल." प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो, असे आपल्याकडे फोन लागताच ऐकवले जाते. तेव्हा हाही कॉल आपल्याकडे असणार. तो मात्र इंटर्नल म्हणून बाजूला ठेवू नये, ही विनंती.

पुढच्या बिलात शुल्क रिव्हर्स झालेले नव्हते. उलट त्यात विलंब शुल्क, विलंब शुल्कावर जीएसटी आणि या सगळ्याच्या वर व्याज अशी भर पडली होती. मी ईमेल केला, शाखेत गेले. शाखेने सांगितले की कार्डाचा विभाग वेगळा आहे, त्यांच्या स्क्रीनवर काही दिसत नाही. एफडी करून घेताना मात्र त्याच स्क्रीनवर सगळे दिसत होते. दरम्यान तक्रार परस्पर बंद झाल्याचा एसएमएस आला. निर्णय काय झाला, का झाला, याबद्दल एक शब्द नाही.

आपण ब्युरोंना काय कळवले आहे, ते मला आपल्याकडून समजलेच नाही. मी एका दुसऱ्या वित्तसंस्थेकडे छोट्या छपाईयंत्रासाठी कर्जाचा अर्ज केला होता, तिथल्या अधिकाऱ्याने रिपोर्ट माझ्यासमोर फिरवून दाखवला. त्यात प्रत्येक खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचे. वेळेवर भरले की चौकोनात ०००, उशीर झाला की जितके दिवस उशीर तितका आकडा. आपल्या कार्डाच्या ओळीत ०००, ०००, ००० असे चौकोन ओळीने चालत आलेले आणि शेवटच्या चौकोनात एकदम ०२६. ते अधिकारी सभ्य होते. म्हणाले, "जुनी सेटलमेंट आम्ही एक वेळ समजून घेतो. धंद्यात होतं. पण हे ताजं आहे. पुन्हा तेच सुरू झालं असं दिसतं." अर्ज तिथेच थांबला. जो स्कोअर वर आणण्यासाठी हे कार्ड घेतले, तो याच कार्डाने खाली आणला.

नंतर मी चारही ब्युरोंकडून, म्हणजे ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्ककडून, वर्षातून एकदा मोफत मिळणारा पूर्ण रिपोर्ट काढला. चारही ठिकाणी हाच आकडा आहे. तो वाढू नये म्हणून मी संपूर्ण रक्कम विरोध नोंदवून भरून टाकली आणि तसे ईमेलने कळवले. पैसे भरले म्हणजे शुल्क मान्य केले, असा अर्थ कृपया काढू नये.

आता नियमांकडे येते. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांबाबतचे निर्देश आपल्याला माझ्यापेक्षा चांगले पाठ असतील. एखाद्या ग्राहकाची थकबाकी ब्युरोला कळवण्याआधी त्या ग्राहकाला तसे कळवले पाहिजे, असे त्यांत आहे. ज्या कार्डाबाबत वाद चालू आहे तिथे विशेष काळजी घ्यावी आणि शक्यतो वाद मिटल्यावरच अशी माहिती पाठवावी, असेही आहे. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज चढवू नये, हा नियमही त्यातलाच. विम्यासारखी जोड सुविधा ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय देता येत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे थकबाकीची माहिती ब्युरोला पाठवताना ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने इशारा द्यायचा असतो. माझा मोबाइल नंबर आपल्याकडे नाही, असे म्हणायची सोय नाही. थकबाकी कळवली त्याच आठवड्यात त्यावर आपल्या पर्सनल लोनची 'फक्त तुमच्यासाठी' ऑफर आली होती. थकबाकीचा इशारा तेवढा आला नाही.

नियम बाजूला ठेवले तरी एक साधी गोष्ट उरते. वादाची रक्कम १,७६८.८२ रुपये. माझे २५,००० रुपये आपल्या ताब्यात, लीन लावून. माझ्याकडून आपले पैसे बुडण्याची शक्यता शून्य होती आणि आजही शून्य आहे. विनातारण कार्डाच्या बाबतीत बँक घाबरते हे मी समजू शकते. इथे घाबरण्यासारखे काय होते? तरीही 'ही बाई पैसे देत नाही' असे आपण चार ठिकाणी लेखी कळवलेत, आणि तेही अशा माणसाबद्दल, जिच्यासाठी त्या चौकोनांतला एकेक शून्य मोलाचा आहे. ज्यांचा स्कोअर पहिल्यापासून उत्तम आहे त्यांना असा एखादा आकडा कदाचित खपून जातो. माझ्यासारखीला त्याचे स्पष्टीकरण पुढची तीन वर्षे प्रत्येक टेबलावर देत बसावे लागेल.

आपल्या एका अधिकाऱ्याने फोनवर उपायही सुचवला : एफडी मोडून रक्कम वळती करून घेऊ आणि कार्ड बंद करून टाकू, म्हणजे कटकट संपेल. कटकट आपली संपेल. माझ्या रिपोर्टवर थकबाकीचा आकडा असलेले, तारण मोडून वसूल केलेले एक बंद खाते राहील आणि नव्याने जमवलेला इतिहास तिथेच तुटेल. सेटलमेंटच्या शिक्क्यातून बाहेर पडायला मला किती वेळ लागला हे वर लिहिले आहेच. त्यामुळे माझ्या लेखी परवानगीशिवाय एफडी मोडू नये आणि कार्ड बंद करू नये.

मला पुढील गोष्टी हव्या आहेत. शुल्क, विलंब शुल्क, व्याज आणि त्यांवरचा जीएसटी मिळून मी भरलेली सगळी रक्कम माझ्या बचत खात्यात परत करावी, कार्डात क्रेडिट म्हणून नको. ती सुरक्षा योजना बंद करून पुढच्या वर्षी पुन्हा लागणार नाही, असे लेखी द्यावे. चारही ब्युरोंकडे त्या महिन्याची नोंद ००० अशी दुरुस्त करून पाठवावी आणि पाठवल्याची प्रत मला द्यावी. 'सिस्टिममध्ये अपडेट होईल' हे वाक्य मला पुरेसे नाही. आणि मी होकार दिल्याचे ज्या रेकॉर्डिंगच्या जोरावर सांगितले जाते, ते ऐकवावे. तसे रेकॉर्डिंग नसेल तर नाही असे कळवावे.

दुरुस्तीची मागणी मी ब्युरोंकडेही नोंदवली आहे. बँकेने दुरुस्त माहिती २१ दिवसांत पाठवायची आणि सगळे प्रकरण ३० दिवसांत मिटायचे, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, अशी तरतूद आहे. ३० दिवस ओलांडले तर ती भरपाई मी मागणार. या पत्रालाही ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे अर्ज करेन. तिथे वकील लागत नाही आणि फीही लागत नाही, त्यामुळे ते मला परवडणारे आहे. ज्या कर्जाचा अर्ज अडला त्याचे पत्र हाती आले की त्या नुकसानीचा मुद्दाही त्यात जोडेन.

वादातली दोन्ही बिले, आधीच्या बिलांच्या पावत्या, तक्रार क्रमांक, ईमेलच्या प्रती, एफडीची पावती आणि चारही रिपोर्टांची संबंधित पाने सोबत जोडली आहेत. ०२६ असलेल्या चौकोनाभोवती लाल पेनने खूण केली आहे. उत्तर पोस्टाने किंवा ईमेलने लेखीच द्यावे. या विषयावर आता मी फोनवर बोलणार नाही.

आपली,
एक कार्डधारक