काका, तुमचा नकाशा

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कहून आम्ही चौघं काल रात्री सुखरूप परतलो. फोनवर नुसतं ‘थँक्यू’ म्हणून भागेना, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं मुद्दाम लिहितेय, कारण टेक्सासमधली आपली बरीच मुलं सुट्टीत तिकडे जातात.

निघण्याआधी तुम्ही १:२४,००० प्रमाणाचे नकाशे टेबलावर पसरून मला तीन तास बसवलंत. समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) चिकटल्या की कडा, त्यांचं टोक चढाकडे वळलं की घळ, निळी तुटक रेघ म्हणजे एरवी कोरडा असणारा ओढा. हे कुठेही वाचायला मिळालं असतं. पण “दोन रेषांत ४० फुटांचा फरक असेल, तर ३० फुटांचा कडा त्यांच्यामध्ये लपू शकतो,” हे तुमच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी डॉडसन ट्रेलवर नेमकं तेच झालं. नकाशावर सोपी दिसणारी एक घळ थेट खाली जात होती, दोघं तिकडे वळलेसुद्धा. मी हाक मारून थांबवलं. काठापर्यंत जाऊन पाहिलं तर पुराच्या पाण्याने घासून गुळगुळीत केलेला उभा कातळ! घसरत उतरलोही असतो, पण परत चढता आलं नसतं. तुम्ही सांगितलेली अर्न्स्ट तिनाहाची, म्हणजे तिथल्या खडकातल्या खोल पाणखळग्याची, गोष्ट तेव्हा अंगावर आली: पाणी खाली गेलेलं असताना प्यायला उतरलेली जनावरं त्या भिंती चढू शकत नाहीत आणि तिथेच बुडतात. तिनाहा म्हणजे स्पॅनिशमध्ये रांजण. निघोजला कुकडीच्या पात्रातल्या खळग्यांना आपण रांजणखळगे म्हणतो, तिथेही लोकांना खडकात रांजणच दिसला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

पाण्याचंही तुमचंच खरं ठरलं. नकाशावरच्या एका झऱ्याच्या जागी नुसती ओल होती. माणशी रोज एक गॅलन धरून होमर विल्सन रँचजवळच्या पेटीत आधीच ठेवलेल्या पाण्यावर आम्ही निभावलो.

शेवटच्या संध्याकाळी सांता एलेनाला, रिओ ग्रांदे नदीच्या घळईपाशी, गेलो. नदीपलीकडे मेक्सिकोचा दीड हजार फुटी कडा. १८९९ साली भूवैज्ञानिक रॉबर्ट हिलची तुकडी तीन होड्या घेऊन याच घळईतून गेली, तेव्हा पुढचं वळण दाखवणारा कागद त्यांच्याकडे नव्हता. माझ्या हातात तुमचा होता.

शनिवारी तो परत द्यायला येते. त्या झऱ्यापाशी पेन्सिलीने तारीख घातलीय आणि पुढे ‘कोरडा’ असं लिहिलंय, तुम्ही लिहिता तसंच.

काकूंना नमस्कार.