सुनंदे, तुझ्याकडं आभाळ कसंय?

परभणी,
२७ जानेवारी

प्रिय सुनंदे,

आधी आभाळाचं सांग, बाकी सगळं नंतर. इकडं कालपासून ऊन पिवळट पडायलंय, रात्रीची थंडी एकदम पळाली, सकाळी वारा पूर्वेकडून होता. तुझ्याकडंही तसंच असणार, तू सांगत नाहीस एवढंच. तब्येती बऱ्या आहेत, ह्यांची शुगर आटोक्यात आहे, माझे गुडघे आहेत तसेच, ते सोड.

अनूसाठी लिहायलेय. फोनवर हे बोलता येत नाही, तू मधीच "काही होत नाही गं" म्हणून विषय संपवतेस, आणि कुंदाला सांगून बघितलं तर ती म्हणाली बर्फ पडला तर चांगलंच की, फोटो छान येतील. मग सांगू कुणाला.

पोरगी काश्मिरात बर्फावर स्की शिकायला सचखंडनं गेली तेव्हापासून माझ्या मोबाईलवर परभणीचं हवामान नाहीच, गुलमर्गचं आहे. तिथं तीन उंचीचा अंदाज वेगवेगळा देतात, खालचा, मधला आणि वरचा. खाली गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर, तिथून गोंडोला, म्हणजे दोरावरचा पाळणा, मधल्या कोंगडोरीला जातो, आणि दुसरा टप्पा थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटर. हजार मीटर चढलं की साडेसहा अंश तापमान उतरतं हे आपण देशमुख बाईंच्या तासाला घोकलं होतं, तू मागच्या बाकावर बोरं खात होतीस. म्हणजे वर खालच्यापेक्षा आठेक अंश जास्त थंड, म्हणून खाली कधी नुसता पाऊस आणि वर त्याच ढगातून बर्फ. आता मी रोज ते तीन आकडे बघते आणि शाळेत जाते.

यंदा तिथं काही पडतच नव्हतं. काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस चिल्लई कलां, तेव्हाचा बर्फ टिकतो, त्यावरच उन्हाळ्यातले झरे आणि नाले चालतात. ते दिवस कोरडे चालले. अनू म्हणायची उतारावर दगड दिसायलेत, स्कीचा तळ खरवडून निघायलाय, सकाळी बर्फ इतका टणक की स्कीच्या कडा रुततच नाहीत, आणि दुपारी उन्हानं सगळं पाणी पाणी. अशा बर्फावर पडलं की लागतं गं, मऊ बर्फात पडल्यासारखं नाही, मनगट नाहीतर गुडघ्याचा लिगामेंट जातो. तिच्या कोर्समधल्या नाशिकच्या मुलीचं मनगट गेलं, ती प्लास्टर घालून परत गेली. हे पहिल्यांदाच होतंय असंही नाही, २०२४ च्या जानेवारीत गुलमर्ग उघडंबोडकं पडलं होतं आणि २०२५ ला तर खेलो इंडियाच्या बर्फावरच्या स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चात ढकलल्या. अनू ज्यांच्याकडं राहते त्यांची सफरचंदाची बाग आहे, ते काका रोज संध्याकाळी अंगणात येऊन पश्चिमेकडं बघतात म्हणे. हे ऐकलं आणि मला बाप्पाच दिसले, जूनमधी पावसाची वाट बघत ओट्यावर बसलेले. पोरगी तिकडं रडायची, मी इकडं म्हणायची पडू दे रे देवा, पडू दे.

आणि आता यायलाय.

गेल्या आठवड्यात अंदाजात पहिल्यांदा दिसला. अमेरिकेचं मॉडेल ८० सेंटीमीटर म्हणायचं, युरोपचं ३०, दुसऱ्या दिवशी उलटं. सहा-सात दिवस आधीच्या आकड्याला तसा अर्थ नसतो, दोन दिवसांवर आलं की दोघं जवळ यायला लागतात, आणि आता ते जवळ आलेत, परवापासून तीन दिवस, वरच्या भागात मीटरच्या वर. (तुझा अंदाज या दोघांपेक्षा बरा हे मी मानते, पण नंदीच्या लग्नात "आज पाऊस नाही, मी सांगते ना" असं तू छातीवर हात ठेवून बोललीस आणि तासाभरात मांडव ओढ्याला लागला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.) तुझ्या हिशोबात सांगायचं तर १० मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १० सेंटीमीटर बर्फ, थंडी जास्त असली तर पंधराही. एवढा मीटरभर बर्फ पडायला लागणारं पाणी आपल्याकडं पडलं असतं तर वावरात उभं राहिलं असतं.

आता तू म्हणशील मग रडतेस कशाला, हवा होता तो आला. तेच तर सांगायलेय. बर्फ नसला की पोरीला लागतं, आणि बर्फ असा अंगावर एकदम आला की त्याहून वाईट. जुना पातळ बर्फ इतके दिवस मोकळ्या आभाळाखाली पडून राहिला, खाली जमीन त्यातल्या त्यात उबदार आणि वर कडाक्याची थंडी, त्यामुळं आतली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे दाणे मोठे, सुटे होतात, एकमेकाला धरत नाहीत. त्याला तिकडं शुगर स्नोच म्हणतात. परातीत साखर पसरून वर पाट ठेव आणि परात कलती कर, तसं. त्यावर मीटरभर नवा बर्फ, वर वारा तो एका अंगाला नेऊन साठवणार, आणि उतार तीस अंशाच्या पुढं असला की एक माणूस मधी गेला तरी सगळं सुटतं. अफरवटवर २०२३ च्या फेब्रुवारीत पोलंडचे दोन स्कीवाले असेच गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत रशियाचा एक. ते काय नवखे नव्हते.

अनू शिकते तो खालचा उतार सौम्य आहे, तिथं तसली भीती नाही, हे मला माहीत आहे. मोठा बर्फ झाला की दुसरा टप्पा बंद ठेवतात, तिथले गस्तवाले (स्की पेट्रोल) वरचा बर्फ तपासतात, स्फोट करून पाडतात, मग सोडतात, हेही माहीत आहे. पण तिनं परवा फोनवर सांगितलं की बर्फ झाला की सिनियर पोरं वर जाणारेत, पहिल्या पावडरला, आणि तिलाही नेतो म्हणालेत. पावडर म्हणजे तो ताजा कोरडा भुसभुशीत बर्फ, त्यासाठी लोक परदेशातून येतात. मी म्हणलं दोन दिवस थांब, बर्फ बसू दे, गस्तवाल्यांनी सोडलेल्या हद्दीच्या बाहेर जाऊ नको, बीकन (गाडलं गेलं तर जागा कळवणारं यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) असल्याशिवाय तर नाहीच. तर म्हणाली, आई, तू परभणीत बसून मला बर्फ शिकवू नको. आणि फोन ठेवला.

आता खरी गोष्ट. हा जो ढग तिकडं बर्फ घेऊन जायलाय ना, वेस्टर्न डिस्टर्बन्स, भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान करत हिमालयाला धडकणारा, तो दरवेळी आपल्यापर्यंत पोचत नाही. पण त्याचा पट्टा खाली दक्षिणेकडं लांबला आणि इकडून समुद्राचं दमट वारं त्याला मिळालं की आपल्याकडं अवकाळी, गारा. २०१४ आठव. मी आले तेव्हा तुझ्या आखाड्यामागं लिंबाखाली पोपट मरून पडले होते आणि तू रडत नव्हतीस, खाली बसून चिखलातले घाटे वेचत होतीस. आज तुझा शाळू भरायलाय, हरभरा घाट्यात आहे, आंब्याला मोहर आहे. ढगानंच चिकटा पडतो, गारा तर लांब राहिल्या.

आणि ती गेलीय कुणाच्या पैशानं? मला न विचारता हरभरा विकून तिच्या पहिल्या कोर्सची फी भरलीस तू. त्यावरून आपण दिवाळीलासुद्धा बोललो नाही. मला अजूनही राग आहे, विचारायला पाहिजे होतंस, आई मी आहे. पण तिनं पहिल्यांदा न पडता खालपर्यंत आल्याचा व्हिडिओ मला नाही, आधी तुला पाठवला, आणि तू तो मला दाखवताना तुझे हात थरथरत होते, त्या दिवसापासून भांडायला तोंड उघडत नाही. काल पारदेश्वराला गेले आणि काय मागावं तेच सुचेना. पड म्हणलं तर तुझ्या हरभऱ्यावर ढग. नको पडू म्हणलं तर पोरीचं वर्ष वाया, काकांच्या बागेला पाणी नाही. नुसती हात जोडून उभी राहिले, पुजाऱ्यानं दोनदा बघितलं. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणारेय.

बाळूचं जमल्याचं कळलं, लई आनंद झाला, मुलगी नर्सिंग झालेली ना, छान. आत्यांचा मोतीबिंदू लांबवू नका. दाजींना नमस्कार सांग, म्हैस व्याली का तेही कळव. हुरड्याला मी येणार होते, ढग गेले की येते.

आता काम. अनूला तू फोन कर. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते. भीती घालू नको, रागावू नको, आणि माझं नाव तर मुळीच काढू नको. तिला तुझ्या त्या विहिरीची गोष्ट सांग, पाऊस उघडल्यावर दुसऱ्याच दिवशी दाजी काठावर गेले आणि दरड खाली आली ती, ओल उतरेपर्यंत चार दिवस थांबायचं असतं हे तू कसं शिकलीस ते. उद्याच कर, संध्याकाळी सातनंतर, तेव्हा ती खोलीवर असते आणि रेंज येते. परवा बर्फ सुरू झाला की लाईट जाते तिकडं, मग मोबाईल चार्ज राहत नाही. आणि बोलणं झालं की मला नुसता मिस्ड कॉल दे, मी समजते.

तुझी,
शोभा

ता.क. वेधशाळेचा इशारा आला तर काढून ठेवलेली तूर उघड्यावर ठेवू नका, आमची मोठी ताडपत्री सेलूच्या गाडीनं उद्याच पाठवते.